उतारावर उतरा

यंदा सोयाबीन काढणीला गावी गेले. बेंबळीपर्यंत एसटी, पुढं डिझेल ऑटो. ऑटो नेहमीसारखा गच्च भरलेला. बरडाच्या माथ्यावर आल्यावर ऑटोवाल्यानं गाडी कडेला घेतली आणि मागं न बघता म्हणाला, "उतरा."

गावातले होते ते सगळे उतरले. कुणी कारण विचारलं नाही. आत राहिले उमरग्याहून आलेले दोन पाहुणे. इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर नवे टॉवेल. मुलगी बघायला निघालेले.

"पंक्चर झालं का वो?" त्यातल्या थोरल्यांनी विचारलं.

"न्हाय. उतार हाय."

"मग?"

"मग उतरा."

"अवो, आमी पाहुणे हाव."

"म्हणून तर. गावात पोचाया पायजे न्हवं तुमी?"

पाहुणे धोतर सावरत उतरले. रिकामा ऑटो पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत खाली गेला आणि आम्ही त्याच्या मागून धुळीतून चालू लागलो. थोरले पाहुणे मला म्हणाले, "असलं कुठं बघितलं न्हाय बा." मी म्हणाले, "नसेलच बघितलं. हे आमच्या गावात आहे." बी.ए.चा निकाल सांगतानाही माझा आवाज इतका ताठ नव्हता.

हा उतार मी आधी ऐकला आणि मग पाहिला. आमचं घर त्याच्या पायथ्याला. ट्रॅक्टर गिअरमध्ये खाली येत असेल तर इंजिन घशातून गुरगुरतं, ट्रॉलीचं ओझं पाठीवर घेऊन पाय रोवत उतरणाऱ्या जनावरासारखं. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडलेला असेल तर इंजिन जवळजवळ मुकं होतं, आणि ट्रॉलीच्या पत्र्यांचा खडखडाट वाढत, वाढत, वाढत येतो. त्या खडखडाटाला आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभी राहायचो. कुणी शिकवलं नव्हतं. ते कानानंच शिकवलं होतं.

मराठीतला 'उतार' हा शब्द मला फार जवळचा वाटतो. ताप उतरतो, राग उतरतो, नजर उतरवतात. एसटीत बसलेल्या माणसाला आपण उतारू म्हणतो. बसलेला असूनही त्याचं नाव उतरण्यावरून पडलेलं! भाषेला आधीपासूनच ठाऊक असावं की गाडीत बसण्यापेक्षा तिच्यातून धड उतरणं मोलाचं. वाहनं वापरणाऱ्यांना मात्र ते ठाऊक व्हायला वेळ लागतो.

बालाघाटाची रांग नकाशावर ऐटीत पसरलेली दिसते. आमच्या वाट्याला तिची एक शेपटी आली आहे. वर बरड, म्हणजे खडकाळ माळ, त्याच्या पलीकडं गावाची निम्मी शेतं; खाली गाव. मधे हा रस्ता. अर्ध्यावर एक वळण, वळणाच्या डाव्या अंगाला खोल काळं रान आणि त्यापुढं ओढा. कठडा नाही. सोयाबीनचा हंगाम आला की वरचं सगळं याच वाटेनं खाली येतं: भरलेली पोती, ज्यांना आम्ही कट्टे म्हणतो, भुसकट, मळणी यंत्र आणि कामाला गेलेल्या बाया. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. तिला थोपवायचं काम पुढच्या ट्रॅक्टरचं. कट्ट्यांनी भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरच्या मागं येत नाही, ती ट्रॅक्टरला ढकलत येते.

त्यावर न्यूट्रल. आमच्या भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांची ही लाडकी चूक. उतार लागला की गिअर काढायचा, डिझेल वाचतं म्हणून. आमच्या शेजारचा बाळूदादा हॉटेलात चहा पिताना हे शास्त्र समजावून सांगायचा. "गाडी आपसूक पळती. मग इंजिनाला कशाला तरास द्यायचा? ही खरी डायवरी." पण सुटलेल्या गाडीला पुन्हा गिअर पडत नाही. दात घासल्याचा कर्र आवाज होतो, बास. मग राहतो एकटा ब्रेक, आणि मागं ते ओझं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं: 'चालकाचा ताबा सुटल्याने'. हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की त्याची मला चीड आहे. ताबा म्हणजे काय पिंजऱ्यातलं पाखरू आहे, सुटायला? ताबा सुटत नाही. तो वर, माथ्यावर, हसत हसत सोडलेला असतो. खाली येऊन माणसं मरतात तेव्हा त्याला अपघात म्हणतात.

मी अशी भांडखोर का, याचं उत्तर आमच्या घरातल्या कोनाड्यात सापडेल. तिथं पत्रकांचे गठ्ठे असायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात शिक्षक आणि उरलेल्या वेळात चळवळीत. पाण्यासाठी पत्रक, मजुरीसाठी पत्रक, हुंड्याविरुद्ध पत्रक. मी अक्षरं त्यावरच गिरवली. त्यामुळं कितीतरी वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं. माझं नावही त्यांनी क्रांती ठेवलं. गावानं त्याचं किरांती केलं.

ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे, त्या हंगामात मी धाराशिवच्या कॉलेजातून घरी आले होते. दसरा नुकताच झालेला, दारावरची झेंडूची तोरणं वाळून गेलेली. ऑक्टोबरचं ऊन अंगाला चिकटत होतं. सोयाबीन भल्या सकाळी काढायचं असतं. दवानं शेंग मऊ असते तोवर. ऊन चढलं की शेंगा आपोआप तडकतात, दाणे उडतात, आणि साऱ्या रानातून बारीक तडतड ऐकू येते. शेंगांची टोकं सुईसारखी. बाया बोटांना जुन्या साड्यांच्या चिंध्या गुंडाळून विळा धरतात, तरी संध्याकाळी भाकरीचा घास घेताना बोटं चुरचुरतात. मळणी यंत्राचं भुसकट मानेत, केसात, पापण्यात. ती खाज अंघोळीनं जात नाही. आजही सोयाबीनच्या तेलाची जाहिरात पाहिली की माझी मान खाजते.

मंगलकाकू ही माझी धाकटी चुलती. काका पुण्यात कंपनीत कामाला, आणि ट्रॅक्टर घरी उभा. एका उन्हाळ्यात काकूनं तो आधी शेतात फिरवला, मग बांधावरून नेला, मग एक दिवस रस्त्यावर आणला. हॉटेलातली माणसं हातात बश्या घेऊन बाहेर आली होती. काकूनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर पायाशी होती. ट्रॅक्टरला दोन चाकांचे दोन ब्रेक असतात. शेतात वळताना एकच दाबता यावा म्हणून त्यांची कडी काढून ठेवतात. रस्त्यावर येताना ती कडी लावायची विसरली तर ऐन उतारावर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. काकू ती कडी लावल्याशिवाय शेताबाहेर पडायची नाही.

त्या हंगामात शेवंतामावशीची टोळी काकूच्या कामावर होती. शेवंतामावशी म्हणजे विळ्यासारखीच वाकलेली आणि विळ्यासारखीच धारदार बाई. दिवसभर काढणी, मळणी, मग कट्ट्यांवर बसून घरी. पहिल्याच दिवशी बरडाच्या माथ्यावर काकूनं ट्रॅक्टर थांबवला.

"उतरा समद्याजणी. खाली चालत या."

"का गं? डिझेल सपलं?"

"न्हाय. उतार हाय. ट्रॉलीवर माणूस नको."

"आगं मंगल, दीसभर वाकून कंबरंचा काटा ढिला झालाय. आता चालू व्हय?"

"मावशी, खाली गेल्यावर बसा परत. पर उतारावर न्हाय."

मावशी उतरली. उतरताना जे बोलली ते इथं छापता येणार नाही. बाकीच्या तिच्या मागं उतरल्या. मीही उतरले. तेवढ्यात बाळूदादाचा ट्रॅक्टर खडखडत शेजारून गेला, ट्रॉलीत दुसरी टोळी ऐसपैस बसलेली.

"काय मावशे, तुळजापूरला निगालीस का चालत? देवीला नारळ फोड आमच्या नावाचा!"

सगळा उतार हसला. हे रोज चालू झालं. मग हॉटेलात एक वाक्य तयार झालं: 'बाईला स्वतःच्याच हाताचा भरवसा न्हाय, म्हणून माणसं उतरवती.' काकूच्या टोळीतल्या निम्म्या बाया आठवड्यात बाळूदादाकडं गेल्या. त्यांची चूक मी काढणार नाही. दिवसभर विळा चालवून थकलेल्या पायांना तत्त्व सांगायला गेलं की पाय ऐकत नाहीत. पण त्यामुळं काकूचं काम रेंगाळलं. आमची शेंग उभ्या रानात तडकत होती आणि काढायला हात नव्हते. अण्णा एकदा म्हणाले, "मंगल, थोडे दिवस बसू दे त्यांना. हळू आणलं की झालं."

काकू म्हणाली, "भावजी, मी हळूच आणते. पर लोखंडाचं मी काय सांगू?"

मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. मला वाटलं, काकू जरा जास्तच घाबरते.

तो दिवस. दुपार कलली होती. ट्रॉलीत कट्टे भरलेले. माथ्यावर नेहमीप्रमाणं मावशी, तिच्याबरोबर टिकून राहिलेल्या बाया आणि मी उतरलो. काकू पुढं निघाली. इंजिनाचं ते घशातलं गुरगुरणं, चाकाच्या खाचांत अडकलेली वाळकी शेंग, धूळ. आम्ही बऱ्याच मागं. मावशी नेहमीप्रमाणं काकूचा उद्धार करत होती. ट्रॅक्टर वळणावर आला आणि ठण्णकन आवाज झाला.

ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरपासून तुटली होती. नंतर पाहिलं तेव्हा कळलं की वेल्डिंगच्या आत जुना तडा होता आणि वरून लाल रंग. कुणाला दिसला नसता. ट्रॉलीनं ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला घासून तोंड फिरवलं, रस्ता सोडला आणि डाव्या अंगाला खाली सुटली. किती लांब गेली ते मला सांगता येणार नाही. मला फक्त तिचा खडखडाट आठवतो, आणि मग तो एकदम थांबला. दांडी काळ्या रानात रुतली, ट्रॉली उलटी झाली आणि डाव्या बाजूचा पत्रा कागदासारखा चेपला. कट्टे फुटले. पिवळे दाणे ओढ्याकडं वाहत निघाले. वर चाकं फिरत राहिली.

काकूनं ट्रॅक्टर सरळ धरला होता. तो वळणाच्या पलीकडं थांबला. ती खाली उतरली आणि आमच्याकडं बघून ओरडली, "समद्या हाव का?"

शेवंतामावशी रस्त्यातच बसली होती. चेपलेल्या पत्र्याकडं बोट करून ती हळू आवाजात म्हणाली, "त्यो कोपरा... ती माजी जागा हाय."

बाळूदादाची भरलेली ट्रॉली त्याच वेळी माथ्यावर आली होती. त्यातल्या बायांनी सगळं पाहिलं होतं. आणि मग मी असा आवाज ऐकला जो कुठल्याही मोर्चात ऐकला नाही. त्या बाया ट्रॉलीचा पत्रा बडवत होत्या. हातांनी, विळ्यांच्या मुठींनी, डब्यांनी.

"थांबव रं! उतरू दे!"

"आगं बसा की! माजी ट्रॉली मजबूत हाय!"

"तिची बी हुती!" आतून कुणीतरी ओरडलं.

बाळूदादानं ट्रॅक्टर थांबवला. बाया उतरल्या. त्या सरळ खाली रानात आल्या आणि आमच्याबरोबर मातीतून दाणे वेचायला बसल्या, अंधार पडेपर्यंत. खड्यांसकट, ढेकळांसकट. बाळूदादाही आला, जरा उशिरानं. त्यानं फुटलेले कट्टे शिवले.

पण दुसऱ्या दिवशी गावभर झालं काय, तर 'मंगलनं ट्रॉली घालवली'. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: महिला चालकाचा ताबा सुटल्याने ट्रॉली उलटली, सुदैवाने जीवितहानी नाही. सुदैवाने! काकूनं किल्ली खिळ्याला अडकवली. "ते आले की इकून टाकू ट्रॅक्टर," एवढंच अण्णांना म्हणाली. ती चुलीपाशी बसून राहिली. खिळ्याला अडकलेल्या किल्लीचा अर्थ मला कळत होता. काकूनं हात काढला असता तर उतारावर 'उतरा' म्हणणारं गावात कुणीच उरलं नसतं. वर्षानुवर्षं आम्ही म्हटलं असतं की बाईच्या हातून ट्रॉली गेली. त्या ट्रॉलीत कुणी का नव्हतं हे विसरलो असतो.

मी लिहायला बसले. आयुष्यातलं माझं पहिलं पत्रक. त्यात रस्ते होते, व्यवस्था होती, पुरुषी अहंकार होता, नफ्याची हाव होती. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. अण्णांनी सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण हे वाचून होईपर्यंत ट्रॅक्टर खाली पोचतो."

मी रागानं कागद चुरगळला. मग दुसरा घेतला. दुसरा असा होता:

'ताबा सुटला नाही. जोड तुटला. ट्रॉलीत कुणी नव्हतं, कारण मंगलबाईंनी बाया उतरवल्या होत्या. यात दैव नाही. उतारावर उतरा!'

बेंबळीला जाऊन झेरॉक्स काढल्या. घरी खळ शिजवली आणि गावातल्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर पत्रक चिकटवत सुटले. बाळूदादा दारातच उभा होता.

"माज्या ट्रॉलीला हात लावायचा न्हाय, किरांते."

"तुमच्या ट्रॉलीत बसणाऱ्यांनी सांगितलं आहे लावायला."

"कुणी?"

"सगळ्यांनी."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "लाव. पर सरळ लाव. अन् नंबर झाकू नको."

मी पत्रकं चिकटवली त्याच्या आदल्या सकाळी शेवंतामावशी आमच्या अंगणात आली होती, दोन्ही टोळ्या मागं घेऊन. सोडून गेलेल्याही त्यात होत्या, पदर तोंडाशी धरून.

"मंगल, ऊट. शेंग तडकाया लागली."

"मावशी, माज्या हातून ट्रॉली गेली."

"गेली ती ट्रॉली. आमी हाव न्हवं हितं? मोजून घे."

"बाळू नेईल की तुमाला."

"आमास्नी तूच पायजे. उतर म्हणणारी."

काकूनं पदरानं तोंड पुसलं आणि खिळ्यावरची किल्ली काढली. ट्रॉली बाळूदादाची मागून आणली, तिचा जोड आधी घासून, रंग खरवडून पाहिला. आता गावात रिवाज पडला आहे: हंगामाच्या आधी प्रत्येक ट्रॉलीचा जोड खरवडायचा, उघड्या लोखंडाकडं बघायचं, मगच रंग द्यायचा.

त्या दिवशी माथ्यावर सगळ्याजणी न सांगता उतरल्या. चालायला लागणार तेवढ्यात मावशीनं वळून विचारलं, "आमी उतरलो. अन् तू?"

"मी उतरले तर ह्याला कोन उतरवील?" काकू हसली.

बाया हसल्या. मग हळूहळू हसायच्या थांबल्या. आपण उतरलो म्हणजे सगळं झालं असं वाटत होतं. पण एक बाई वरच बसली होती, मागं ते ओझं घेऊन. तिच्यासाठी उतरण्याची सोय नव्हती.

त्यानंतर बरेच हंगाम गेले. कठड्यासाठी आम्ही अजून भांडतो आहोत आणि तो मिळेपर्यंत भांडणार आहोत. न्यूट्रल पूर्ण बंद झालं असं मी म्हणणार नाही. बाहेरगावचा एखादा खडखडत येतोच. पण आमच्या गावची भरलेली गाडी माणसांसकट बरड उतरत नाही. यासाठी कायदा झाला नाही, पाटी लागली नाही, कुणी साहेब आले नाहीत. पत्रकं पहिल्याच पावसात गळून गेली. बाळूदादा आता माथ्यावर सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो, जणू ही कल्पना त्याच्याच डोक्यातून निघाली. ओरडू दे. सगळ्यांच्या मालकीची झाली की गोष्ट जगते.

मोठ्या शहरात लोक मला विचारतात, तुमच्या धाराशिवकडं काय आहे? त्यांना दुष्काळ ऐकायचा असतो. मी त्यांना सांगते, आमच्याकडं एक उतार आहे, तिथं माणसं स्वतःहून खाली उतरतात.

यंदाही मी टोळीबरोबर वर होते. शेंगा निघाल्या, मळणी झाली, कट्टे भरले. माथ्यावर आम्ही उतरलो, पण कुणी चालायला निघालं नाही. आता असंच करतात. सगळ्या बाया रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या राहतात आणि काकूला खाली जाताना बघतात. केसांत भुसकट, हातात रिकामे डबे. एरवी या बायांच्या तोंडाला खीळ नसते. तेवढा वेळ कुणी बोलत नाही. मीसुद्धा नाही. इंजिन गुरगुरतं. वळण येतं. ट्रॉली थोडी डावीकडं झुकते, मावशीचा हात माझ्या दंडावर घट्ट होतो, ट्रॉली सरळ होते. मग सपाटी. खाली ट्रॅक्टर थांबतो. एवढीशी दिसणारी काकू उभी राहते आणि हात वर करते.

"पोचली," शेवंतामावशी म्हणते. "चला."